टनावर पैसे मोजू नका: आमच्या नगरपरिषदेला खुलं पत्र

मा. मुख्याधिकारी साहेब, मा. नगराध्यक्ष आणि सर्व नगरसेवक, नगरसेविका यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सर्वसाधारण सभेत कचऱ्याबद्दल तीन ठराव पास झाले. पहिला, बाजारामागचं सुक्या कचऱ्याचं शेड बंद करून ती जागा पार्किंगला द्यायची. दुसरा, घरी खत करणाऱ्यांना घरपट्टीत जी थोडी सूट मिळत होती ती येत्या वर्षापासून काढून टाकायची. आणि तिसरा, अख्ख्या गावाचा कचरा गोळा करून डेपोवर टाकायचं काम एकाच ठेकेदाराला टनाच्या दराने द्यायचं. विषय वाचले गेले, मंजूर मंजूर झालं आणि सभा पुढे सरकली. शेडमध्ये काम करणाऱ्या बायका उद्यापासून कुठे जाणार हे कोणी उठून विचारलंसुद्धा नाही.

मी हे पत्र आवक-जावकला दिलंय, शिक्का मारून पोच पण घेतलीय. तरी इथे सगळ्यांसमोर टाकतेय कारण पैसा सगळ्यांचा आहे आणि डेपोचा धूर पण सगळ्यांच्याच घरात शिरतो. गावाचं नाव घातलेलं नाही. आपल्याकडच्या लोकांना ते सांगायला नको, आणि बाहेरच्या ज्यांच्या गावात असाच ठराव येऊ घातलाय त्यांनी तिथे आपल्या गावाचं नाव घालून वाचावं.

माझा ह्यात काय संबंध ते आधी सांगते. मी डबे करते. बँकेतले एकटे राहणारे लोक, हॉस्पिटलातल्या नर्स, कॉलेजची पोरं, असे माझे गिऱ्हाईक. म्हणजे भाजीची देठं, सालं, अंड्याची टरफलं, उरलेला भात, चहाचा चोथा, हे सगळं माझ्याकडे चार घरांच्या मिळून निघतं त्याहून जास्त निघतं. त्यातलं काहीही मी घंटागाडीत टाकत नाही. परसात विटांचे दोन हौद बांधलेत, एक भरत असतो तोवर दुसऱ्यातलं खत मुरत असतं. तेल-पीठाच्या पिशव्या, पुठ्ठे, डबे हा सुका माल मी शेडमधल्या बायकांना देते. आणि माझं माहेर डेपोच्या पलीकडच्या वाडीत आहे. तिथल्या विहिरीचं पाणी आता कोणी पीत नाही, पावसाळ्यात ढिगातून काळं पाणी सुटतं ते ओढ्याने थेट खालच्या शेतात उतरतं, आणि उन्हाळ्यात ढीग पेटला की माझी आई दारं-खिडक्या लावून आत बसते. त्यामुळे कचरा गाडीत टाकला म्हणजे तो गेला असं मला म्हणता येत नाही. तो माझ्या आईच्या दारात जातो.

आता ठरावांकडे येते, आणि टनाच्या दरापासून सुरुवात करते कारण बाकी दोन्ही ठराव त्याच्याच पोटातून निघालेत.

ठेकेदाराला टनामागे पैसे मिळणार. गाडी काट्यावर चढणार, जेवढं वजन तेवढं बिल. आता त्याच्या जागी बसून विचार करा. लोकांनी घरी खत केलं तर त्याचं वजन घटणार, शेडमध्ये पुठ्ठा-बाटल्या वेगळ्या निघाल्या तर घटणार, कोणी कापडी पिशवी वापरली तरी घटणार. म्हणजे जी जी गोष्ट गावासाठी चांगली ती त्याच्या बिलासाठी वाईट. माणूस वाईट असायची गरजच नाही, करारच असा लिहिलाय की त्याने ओलं-सुकं एकत्र दाबून भरावं. आणि ओल्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त तर पाणीच असतं. कलिंगडाची सालं आणि भाताची पेज डेपोपर्यंत वाहून न्यायला आपण डिझेलचे आणि वर टनाचे असे पैसे मोजणार, आणि तिथे ते कुजून काळं पाणी होऊन ओढ्यात जाणार. टनावर ठेका असला की गाडीत माती आणि राडारोडा भरून वजन वाढवल्याच्या तक्रारी किती शहरांत झाल्यात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आपल्याकडे तसं होईलच असं मी म्हणत नाही. पण तसं झालं तर ते पकडायची काय सोय ठरावात आहे? मी ठराव शब्द न् शब्द वाचला, त्यात काट्याचा उल्लेख एका ओळीचा आहे आणि कचरा वेगळा आला की नाही हे कोणी बघायचं त्याबद्दल एक अक्षर नाही.

शिवाय त्याच डेपोवर दुसऱ्या बाजूला काय चाललंय तेही बघा. जुना ढीग उपसून, चाळून, माती वेगळी आणि प्लास्टिक वेगळं करायचं काम, ज्याला तुम्ही बायोमायनिंग म्हणता, त्याला सरकारी पैसा येतोय. स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा २०२१ मध्ये सुरू झाला त्यात जुने ढीग साफ करणं हे मोठं काम धरलंय, चांगलंच आहे. पण एका हाताने जुना ढीग उपसायला पैसे आणि दुसऱ्या हाताने नवा ढीग रचायला टनाने पैसे, दोन्ही आपल्याच खिशातून, हे कुठल्या हिशोबात बसतं ते मला खरंच समजलेलं नाही.

आता शेडबद्दल. सभेत एकजण म्हणाले की तिथे भंगार पडून असतं, वास येतो, डास होतात. मी तिथे आठवड्याला जाते म्हणून सांगते, ते भंगार पडून नसतं, त्याच्यावर काम चालू असतं. तिथल्या मावशी एका हातात पिशवी घेऊन नुसती चुरगाळतात आणि आवाजावरून ती कुठल्या ढिगात टाकायची ते ठरवतात. करकर वाजली तर एकीकडे, मऊ आवाज आला तर दुसरीकडे, कारण दोन्ही प्लास्टिक वेगळी, दोन्हींचा भाव वेगळा, आणि एकत्र वितळवली तर दोन्ही वाया. पाण्याच्या बाटलीचं टोपण वेगळं काढतात कारण टोपण एका प्लास्टिकचं आणि बाटली दुसऱ्या. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. पुठ्ठा ओला झाला की भंगारवाला भाव पाडतो म्हणून पाऊस आला की आधी पुठ्ठ्यावर ताडपत्री टाकतात आणि मग स्वतः आडोशाला जातात. पांढरा कागद, वर्तमानपत्र, वहीची पानं, खाकी, प्रत्येकाचा गठ्ठा निराळा. हे ज्ञान कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, आणि ते आपल्या गावात फुकटात उपलब्ध आहे. नगरपरिषदेने त्यांना काय दिलंय? पत्र्याचं छप्पर आणि एक नळ, तोही दिवसाआड येणारा. पगार नाही, हातमोजे नाहीत, ओळखपत्र नाही. विकलेल्या मालावर त्यांचं घर चालतं, आणि जो माल त्या विकतात तो डेपोवर जात नाही म्हणून तुमचे वाहतुकीचे पैसे वाचतात. त्या वाचलेल्या पैशातला रुपया आजवर कोणी त्यांच्या हातावर ठेवलेला नाही.

आणि हे मी भावनेच्या भरात सांगत नाहीये. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ उघडून बघा, २०२६ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले तरी. सुका माल वेगळा करायला पुरेशी जागा नगरपालिकेने द्यायची, तिथे कचरावेचकांना आणि भंगारवाल्यांना सहज येता-जाता आलं पाहिजे, कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता द्यायची, त्यांना कामात सामील करून घ्यायचं, असं त्यात साफ लिहिलं होतं. म्हणजे जे शेड तुम्ही बंद करताय ते नसतं तर नियमाने बांधावं लागलं असतं.

पार्किंगची अडचण खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. बाजाराच्या दिवशी तिथून रिक्षा काढणं पण मुश्कील होतं, माझा डब्याचा पोरगा रोज शिव्या खातो. पण जुन्या जकात नाक्याची जागा रिकामी पडलीय. शेड तिकडे हलवायचं असेल तर आधी तिकडे छप्पर घाला, नळ द्या, काटा द्या, मग इथलं पाडा. आज पाडायचं आणि उद्या कधीतरी बघू म्हणायचं ह्यात त्या बायका मधल्या मधे रस्त्यावर येतात, आणि एकदा त्या दुसऱ्या कामाला लागल्या की परत येणार नाहीत.

पुण्याचं उदाहरण सगळे देतात म्हणून मी पण देते, पण नीट देते. तिथे १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरावेचक बायकांची युनियन. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. दारोदार जाऊन कचरा घ्यायचा, घरटी ठरलेलं शुल्क थेट घ्यायचं, सुका माल विकून येईल ते पैसे त्यांचे. भांडणं तिथे पण झाली, करार लांबला, अधूनमधून ठेकेदार आणायच्या गोष्टी पण झाल्या. पण इतक्या वर्षांनंतर हजारो बायका त्या कामावर उभ्या आहेत आणि त्यांच्या गळ्यात ओळखपत्र आहे. पुणं मोठं आहे, आपल्याला जमणार नाही असं म्हणाल तर मग वेंगुर्लं घ्या. सिंधुदुर्गातली एवढीशी नगरपरिषद. रामदास कोकरे तिथे मुख्याधिकारी असताना त्यांनी कचरा दारातूनच वेगवेगळा करून घ्यायला सुरुवात केली, एकत्र केलेला घ्यायचाच नाही. ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यात, आणि डेपोच्या जागी आता लोक बघायला जातात. ते करायला आभाळातून पैसा पडला नव्हता. साहेब, तुमच्याच हुद्द्यावरच्या माणसाने, तुमच्याच कायद्यात राहून ते केलं.

आता खताच्या सुटीबद्दल. रक्कम किरकोळ होती, तिच्यावाचून माझं काही अडत नाही. पण माझ्या गल्लीत त्या सुटीमुळे बऱ्याच घरांनी हौद किंवा ड्रम सुरू केले हे मी बघितलंय. पुण्यात गांडूळखत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं अशांसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत कित्येक वर्षं आहे, अट एवढीच की प्रकल्प चालू पाहिजे. आपल्याकडे सूट काढताना कारण काय दिलं तर "लोक नुसता ड्रम दाखवून सूट घेतात, खत करत नाहीत." घेत असतील काही जण. मग जाऊन बघा ना. झाकण उघडलं की कळतं, चालू असलेल्या हौदाला ओल्या मातीचा वास येतो आणि हात घातला तर आत गरम लागतं. बघायला माणूस नाही म्हणून सगळ्यांचीच सूट काढायची हे बरोबर नाही.

आणि लोक खत करणं का सोडतात, ते मला रोज विचारणाऱ्या बायकांकडून माहीत आहे. नगरपरिषदेने ड्रम वाटले पण सोबत सुका पाला वाटला नाही, कसं करायचं ते सांगितलं नाही. नुसता ओला कचरा टाकला की खाली पाणी साचतं, वास सुटतो. मग त्यात पांढऱ्या अळ्या होतात, घरातली माणसं किळस करतात, सासूबाई म्हणतात हे आधी बाहेर काढ, आणि ड्रम धुऊन त्यात पाणी भरायला लागतात. त्या अळ्या काही वाईट करत नाहीत, उलट कचरा खाऊन लवकर मोडतात, पण हे सांगायला कोणीतरी दारात यायला पाहिजे ना. एक थर ओला, एक थर सुका पाला किंवा भुसा, आठवड्याने हलवायचं, आंबट ताक शिंपडायचं, फार ओलं झालं तर पुठ्ठ्याचे तुकडे टाकायचे, एवढंच आहे. आणि पाला कुठून आणायचा? तो तर तुमचेच सफाई कामगार रोज सकाळी गोळा करून कोपऱ्यावर पेटवतात! पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये दंड, मोठ्या प्रमाणात जाळला तर २५,००० असं सांगितलेलं आहे. तो पाला पोत्यात भरून वॉर्डात ठेवा, लोक येऊन घेऊन जातील, मी स्वतः पहिली येईन.

एक विषय असा आहे की सभेत बाया असूनही कोणी काढत नाही. पॅड आणि डायपर. कचरा वेगळा करणाऱ्या मावशींना ते रोज हाताने बाजूला करावे लागतात, उघडे, पिशवीत कोंबलेले, त्यातच जेवणाचं उष्टं. पुण्यात कचरावेचकांनीच लाल ठिपक्याची मोहीम काढली, कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. २०१६ च्या नियमात तर असं होतं की हे सामान बनवणाऱ्या कंपन्यांनी गुंडाळायला पाऊच द्यायचा. आपल्या गावात घंटागाडीला त्यासाठी वेगळा छोटा डबा लावायला काय लागतं? गाडीवरचं गाणं दिवसभर वाजतं, त्यात एक ओळ ह्याची घाला.

तसंच ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे, मच्छर मारायच्या स्प्रेचे डबे. माझे सासरे रोज इन्सुलिन घेतात. त्या सुया मी जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून झाकण घट्ट लावून ठेवते, बाटली भरली की पुढे काय करायचं हे मला नगरपरिषदेत कोणीही सांगू शकलेलं नाही. आरोग्य विभागात गेले तर म्हणाले घंटागाडीला विचारा, घंटागाडीवाला म्हणाला टाका त्यात. मी टाकल्या नाहीत. पण बाकीची घरं टाकतात, आणि ती सुई कोणाच्या हातात घुसते ते तुम्हाला माहीत आहे. २०१६ च्या नियमात घरातल्या अशा घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र काढायचं आणि त्याची वेळ जाहीर करायची असं होतं. आपल्या गावाला एक केंद्र पुरेल. एक खोली, एक कपाट, आठवड्यातून एक दिवस. ते सुद्धा झालेलं नाही.

लोक कचरा वेगळा करतच नाहीत, मग आम्ही काय करणार, हे मी तुमच्या ऑफिसात नेहमी ऐकते. साहेब, लोक करत होते. हिरव्या-निळ्या बादल्या वाटल्या त्या वर्षी आमच्या वॉर्डात जवळपास प्रत्येक घरात दोन बादल्या होत्या. गाडीला मधे पत्र्याचा पडदा होता, एका बाजूला ओला, एका बाजूला सुका. मग पडदा गंजला, काढला, परत लावला नाही. लोकांनी डोळ्यांनी बघितलं की आपण वेगळं करून दिलेलं एकाच ढिगात पडतंय. त्यानंतर निळ्या बादलीत कोणी कपडे भिजवतं, कोणी धान्य ठेवतं. ह्यात लोकांचा दोष किती आणि गाडीचा किती ते तुम्हीच ठरवा. आणि मधली कित्येक वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते, तक्रार सांगायला दारच नव्हतं. आता निवडून आलेली माणसं आहेत म्हणून तर लिहितेय.

पैसे नाहीत असं पण म्हणू नका. घरपट्टीच्या बिलात घनकचऱ्याचं शुल्क वेगळं लावलंय, ते मी भरते, शेडमधल्या मावशी पण आपल्या खोलीचं भरतात. पंधराव्या वित्त आयोगाने आपल्यासारख्या शहरांना जो निधी दिला त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छता-घनकचरा ह्यालाच बांधलेला होता, दुसरीकडे वळवता येत नव्हता. राज्य सरकारचं पर्यावरणासाठीचं माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे, त्यात आपल्या गावाने भाग घेतला, भिंती रंगवल्या, घोषवाक्यं लिहिली, छान झालं. पण रंगवलेल्या भिंतीच्या खालीच कचरा एकत्र पडतो. आणि आपल्या भिंतीवर ज्यांचं चित्र काढलंय त्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला होता, गावात शिरलं की आधी झाडायला लागायचे आणि कीर्तन रात्री करायचे. त्यांच्या नावाने आपण बक्षिसं घेतो तर त्यांच्यासारखे हाताने झाडणारे, निवडणारे जे लोक आपल्यात आहेत त्यांच्या डोक्यावरचं छप्पर तरी काढू नका.

चकचकीत पाकिटांचं, वेफर-कुरकुरे-शाम्पूच्या पुड्यांचं काय करायचं हा खरा अवघड प्रश्न आहे, ते मान्य. त्याला भंगारवाला हात लावत नाही कारण भाव नाही. पण त्याची जबाबदारी पुड्या विकणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे, प्लास्टिकच्या २०१६ च्या नियमांत ती आहे आणि २०२२ मध्ये ती कशी पार पाडायची त्याची सविस्तर तत्त्वं पण आली. त्या व्यवस्थेतून मोबदला मिळवायचा तर माल एका जागी, वजन केलेला, गठ्ठे बांधलेला आणि कागदोपत्री नोंदवलेला लागतो. मावशींना ते कागद करता येणार नाहीत, नगरपरिषदेला येतील. आणि गठ्ठे बांधायचं मशीन नसलं की टेम्पोत अर्धी हवाच जाते, भाडं पण सुटत नाही. सरकारी मदत हवी ती नेमकी इथे हवी. एक गठ्ठा मशीन, एक काटा, एक विजेचं कनेक्शन, आणि कागद करणारा एक क्लार्क. ट्रॅक्टर भरून बादल्या वाटण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

ढीग वाढू दिला की काय होतं ते आपल्या राज्याने बघितलंय. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतला देवनारचा कचरा डेपो पेटला, धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जिथे शहराचा डेपो होता त्या नारेगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं सोसून शेवटी गाड्या अडवल्या, शहरात रस्तोरस्ती ढीग साचले, कचरा मिटमिट्याला न्यायला गेले तर तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये हरित लवादाने सांडपाणी आणि घनकचरा नीट हाताळला नाही म्हणून महाराष्ट्राला १२,००० कोटींची भरपाई लावली. माझ्या माहेरच्या वाडीतले लोक अजून शांत आहेत. ते नेहमी शांतच राहतील असं धरून तुम्ही टनाचा ठेका देऊ नका.

आता मागण्या सांगते, आणि ह्या माझ्या एकटीच्या नाहीत, खाली सह्या करणाऱ्या सगळ्यांच्या आहेत.

टनाच्या दराचा ठराव स्थगित करा. ठेका द्यायचाच असेल तर घरटी द्या, म्हणजे किती घरांतून रोज वेगळा केलेला कचरा घेतला त्यावर पैसे, आणि एकत्र केलेला आणला तर कपात. डेपोवर जेवढा कचरा कमी जाईल त्याचा वाचलेला पैसा शेडवर खर्च करा. करार झाला तर त्याची प्रत नोटीस बोर्डावर लावा आणि काट्याच्या रोजच्या पावत्या पण लावा.

शेड आहे तिथे चालू ठेवा किंवा दुसरीकडे पूर्ण बांधून झाल्यावरच हलवा. तिथल्या बायकांना ओळखपत्र, हातमोजे, गमबूट, वर्षातून एकदा आरोग्य तपासणी, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि सुका माल विकायचा हक्क लेखी द्या. बचत गट म्हणून त्यांनाच ते चालवायला द्या, त्या तयार आहेत, मी विचारलंय.

घरपट्टीतली सूट परत आणा, वर्षातून एकदा तपासणी करून. तपासायला माणूस नसेल तर आमच्यासारख्या खत करणाऱ्या बायकांना घेऊन वॉर्डात फिरा. ड्रम बिघडलेल्या घरी जाऊन शिकवायला आम्ही पैसे मागत नाही, फक्त पाला द्या आणि पाला जाळणं बंद करा. गाड्यांचे पडदे परत लावा, पॅड-डायपरसाठी तिसरा डबा लावा. सुया, सेल, ट्यूबलाइटसाठी केंद्र उघडा आणि वार-वेळ जाहीर करा.

आणि नगरविकास खात्याला एक विनंती, हे पत्र तिकडेही पाठवतेय. गावाने किती कचरा उचलला ह्यापेक्षा किती कचरा डेपोवर गेलाच नाही ह्यावर निधी आणि बक्षीस द्या. तसं केलंत तर खालच्या नगरपरिषदा टनाचे ठराव आपोआप मागे घेतील.

पुढच्या सर्वसाधारण सभेच्या आधी ह्याचं लेखी उत्तर मिळावं ही अपेक्षा आहे. सभेला आम्ही येणार आहोत, शेडमधल्या मावशी पण येणार आहेत आणि वाडीतले लोक पण. घोषणा देणार नाही, गोंधळ घालणार नाही. विषयपत्रिकेवर हा विषय चर्चेसाठी घ्या आणि मावशींना स्वतः दोन मिनिटं बोलू द्या, कुठल्या प्लास्टिकला काय भाव आहे आणि गावाचं किती वजन रोज कमी होतं ते त्यांना तोंडपाठ आहे.

कळावे.

आपली,
बाजारपेठ वॉर्डातली डबे करणारी एक करदाती
(सोबत: वॉर्डातल्या, शेडमधल्या आणि वाडीतल्या रहिवाशांच्या सह्या)